रेडी आला का?

भाईजान सुट्टी संपवून दुबईला परत गेले आणि जाताना आपली हायब्रीड गाडी आमच्या दारात ठेवून गेले. "अब्बांना डायलिसिसला न्यायला बरी पडेल," म्हणाले. आम्ही नवरा-बायको दोघंही गाडी चालवतो, त्यामुळे आता शिकायचं काही उरलंय असं वाटलंच नाही. गाडीचं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत होतं, ते तसंच राहिलं.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही अब्बांना खेडहून चिपळूणला नेतो. एका गुरुवारी फजरनंतर त्यांना धरून अंगणात आणलं, चावीचं बटण दाबलं, तर दार उघडेना. चावीच्या पोटात एक छोटी लोखंडी चावी असते, तेवढं भाईजाननी दाखवून ठेवलं होतं. तिने दार उघडलं. स्टार्टचं बटण दाबलं. लाल त्रिकोण, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, सगळे दिवे उरुसातल्या रोषणाईसारखे लुकलुकले, आतून कट-कट आवाज आला आणि सगळं विझलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच: मोठी बॅटरी गेली, आता लाखाचा खर्च, आणि भाईजानना काय सांगायचं?

अब्बांनी मुंबईत 22 वर्षं टॅक्सी चालवली. प्रीमियर पद्मिनी, लोक तिला फियाटच म्हणायचे. ते ओट्यावर बसून म्हणाले, "धक्का मारा रे. दुसऱ्या गिअरवर सुटेल." शेजारचे दोघं धावत आलेही. पण या गाडीला दुसरा गिअर नावाची वस्तूच नव्हती.

शेवटी अब्बा शेजाऱ्यांच्या रिक्षातून गेले. पोचेपर्यंत त्यांच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. दुपारपर्यंत बाकड्यावर थांबावं लागलं. पाय सुजलेले, श्वास लागत होता. आम्ही आळीपाळीने त्यांची पाठ चोळत होतो आणि मधूनमधून हळू आवाजात एकमेकांशी भांडतही होतो.

संध्याकाळी नाक्यावरचा बॅटरीवाला मुलगा आला. त्याने आधी विचारलं, "भाभी, गाडीत कुणी गाणी ऐकत बसलं होतं का?" मुलं बसली होती. बुधवारी दोन-अडीच तास. आम्हीच बसवलं होतं, बाहेर ऊन होतं म्हणून.

मग त्याने जे दाखवलं ते आम्हाला गाडी मिळाली त्याच दिवशी कळायला हवं होतं. हायब्रीडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. पण दिवे, कुलूप, हॉर्न, पडदा आणि गाडीतले सगळे कॉम्प्युटर चालतात ते 12 व्होल्टच्या साध्या छोट्या बॅटरीवर. ती आमच्या गाडीत मागे डिकीत आहे, आम्ही सकाळी बॉनेटखाली शोधत होतो. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विचदेखील छोटीच्याच जोरावर ओढला जातो. छोटी झोपली की मोठी भरलेली असली तरी उपयोग नाही. त्याने मीटर लावला: 9.8 व्होल्ट. चांगली बॅटरी नुसती उभी असताना साडेबाराच्या वर दाखवते. सकाळी लागलेले बहुतेक दिवे खोटे होते. वीज पुरेना म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार करत होता.

आणि खरा दिवा कुठला? हिरवा 'रेडी'. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तरच तो लागतो. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर पडदा उजळतो, गाणी वाजतात, एसीचा पंखा फिरतो, गाडी चालू वाटते. पण तेव्हा सगळं छोट्या बॅटरीतून जात असतं. रेडी लागल्यावर मात्र इंजिनचा आवाज नसला तरी मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. याची उलटी बाजूही आहे. आवाज नाही म्हणून रेडी असलेली गाडी बंद समजून माणूस उतरून जातो. हे आम्ही त्यानंतर महिनाभरात एकदा केलंच.

बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीत लाल झाकणाखाली एक टोक होतं. तिथे त्याने प्लसची वायर लावली, मायनसची इंजिनजवळच्या उघड्या लोखंडाला, आणि गाडी उठली. जाडजूड नारिंगी वायरींकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला मीही हात लावत नाही."

जाता जाता मोबाईल चार्ज करायचं सॉकेट बंद आहे, तेही सांगितलं. निळा, 15 अँपिअरचा फ्यूज जळला होता. आमच्या टूलबॉक्समध्ये हिरवा, 30 चा पडला होता. तो बसतही होता. मुलाने तो काढून खिशातच टाकला. वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आधी फ्यूज वितळावा म्हणून तो 15 चा असतो. 30 चा लावला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. निळा दुसऱ्या दिवशी दुकानातून आणला. सात दिवसांत पुन्हा जळला असता तर गाडी दाखवायला नेणार होतो, पण टिकला.

रात्री पुस्तक पिशवीतून बाहेर आलं. इंग्रजी, पाचशेच्या वर पानं. आम्ही फक्त दिव्यांची पानं वाचली. लाल लागला तर सुरक्षित जागा बघून थांबायचं, पिवळा लागला तर सांभाळून चालवत लवकर दाखवायचं, हिरवा-निळा नुसती माहिती. मागच्या सीटजवळच्या जाळीतून मोठ्या बॅटरीला हवा जाते, तिथे आम्ही अब्बांची उशी आणि चादर कोंबून ठेवत होतो, तेही त्याच रात्री समजलं. मुलीने पुठ्ठ्यावर दिव्यांची चित्रं काढून मराठीत नावं लिहिली. तो पुठ्ठा आता गाडीतच असतो.

परवा सोमवारी निघताना अब्बा मागे बसले, काठी बाजूला ठेवली आणि आमच्या खांद्यांमधून पुढे वाकून पडद्याकडे पाहू लागले.

"रेडी आला का?"

"आला, अब्बा."

"मग चला. नऊचा नंबर आहे."