स्टेट स्ट्रीटच्या फुटपाथवर

माझा धाकटा भाऊ सिगारेट ओढतो हे मला बसच्या खिडकीतून कळलं. 2018 सालचा ऑक्टोबर महिना होता. ॲन आर्बरमधली झाडं लाल-पिवळी झाली होती आणि एमएससाठी येऊन त्याला जेमतेम दोन महिने होत आले होते. बस स्टेट स्ट्रीटवर सिग्नलला थांबली आणि एंजेल हॉलसमोर, रस्त्याला लागून असलेल्या फुटपाथवर, चारपाच जणांच्या घोळक्यात तो उभा दिसला. हातात काय आहे ते दिसायच्या आधीच मी समजले. त्या जागी लोक कशासाठी थांबतात हे इथं राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मिशिगन विद्यापीठाचं सगळं आवार 1 जुलै 2011पासून धूम्रपानमुक्त आहे. इमारतीच्या दारात, हिरवळीवर, झाडाखाली, कुठंच सिगारेट पेटवता येत नाही. रहदारीच्या रस्त्याकडेचा फुटपाथ तेवढा या नियमातून सुटलेला. त्यामुळं ज्यांना ओढायची असते ते सगळे तिथं येतात, पानगळ असो नाहीतर बर्फ.

मी उतरले नाही. बस पुढं गेली. प्लिमथ रोडवरच्या माझ्या घरापर्यंतच्या त्या वाटेत मला आठवत राहिले ते आमचे मामा.

आम्ही निपाणीचे. आमच्याकडं तंबाखू म्हणजे आधी पीक, मग पैसा, आणि व्यसन सगळ्यात शेवटी. शाळेच्या वाटेवर वखारी होत्या. आत बायका चाळण्या मारत बसलेल्या असायच्या, तोंडाला पदर बांधून, आणि तंबाखूचा खकाणा दारातून रस्त्यावर यायचा. आम्ही भावंडं नाकाला रुमाल लावून तेवढा टप्पा पळत ओलांडायचो. माझा रुमाल मी त्यालाच द्यायचे, कारण त्याचा कायम हरवलेला असायचा. आजोबांची तंबाखूची शेती. 1981 साली शरद जोशींनी निपाणीत तंबाखूच्या भावासाठी रास्ता रोको केला तेव्हा आजोबा पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसलेल्यांपैकी होते. त्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी गेले. आजोबा ती हकीकत सांगायचे तेव्हा घरात कुणी मधे बोलायचं नाही. पुढं आमच्या फिया भरल्या गेल्या त्या तंबाखूचे पैसे हातात आल्यावरच. ज्या पिकानं आम्हाला शिकवलं त्याला नावं ठेवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि आजही मी त्या शेतकऱ्यांना दोष देणार नाही.

पण मामा त्याच तंबाखूनं गेले. वखारीत हिशेब लिहायचे. चुना लावून मळलेली चिमूट सकाळी उठल्यापासून गालात. गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या बाजूनं जेवायला लागले. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले, आणि दात दुखतोय म्हणाले. मामीला शंका आली तेव्हा तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती. मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेलं तोवर आजार मानेपर्यंत उतरला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि हा शाळेत. मामांच्या उशाशी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्याच्याकडं होतं.

सगळं इतक्या जवळून पाहिलेला मुलगा सिगारेट ओढतो कसा, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. आता एवढ्या वर्षांनी मला वाटतं की तो प्रश्नच फारसा कामाचा नाही. माहिती त्याला माझ्यापेक्षा जास्त होती. मला खरी धास्ती वेगळीच होती. मामांनी जखम लपवली तसं हा लपवायला शिकेल, आणि आमच्यात सात समुद्र नसूनही मला काही कळणार नाही. भाऊ माझ्यापासून जेमतेम तीन मैलांवर राहत होता. शनिवारी जेवायला यायचा तो आंघोळ करून, तोंडात पुदिन्याची गोळी ठेवून. मी आमटी वाढायची, तो आईच्या हातच्या आमटीची आठवण काढायचा, आणि आम्ही दोघंही त्या वासाबद्दल बोलायचो नाही.

जानेवारी 2019च्या अखेरीस ध्रुवावरचा थंड वारा मिशिगनवर उतरला. थंडीमुळं वर्ग सहसा बंद न ठेवणाऱ्या विद्यापीठानं 30 आणि 31 तारखेचे वर्ग रद्द केले. त्याच्या खोलीतला हीटर धड चालत नव्हता म्हणून मी त्याला माझ्याकडं बोलावून घेतलं. 30 तारखेच्या रात्री सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. राज्यात गॅस पुरवणाऱ्या एका केंद्रावर आग लागली होती, पुरवठा कमी पडत होता, सगळ्यांनी घरातली उष्णता 65 फॅरनहाइटवर आणावी असा संदेश होता. बाहेर उणे 25 सेल्सिअसच्या आसपास. मी थर्मोस्टॅट खाली केला, दोन गोधड्या काढल्या, आणि तो म्हणाला, “आक्का, कचरा टाकून येतो.”

अशा रात्री कचरा कुणी टाकायला जात नाही. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलं होतं. ते नखानं खरवडून मी खाली पाहिलं. पार्किंगच्या दिव्याखाली तो पाठमोरा उभा होता. लायटर पेटेना म्हणून त्यानं हातमोजा काढून दातात धरला होता. उघड्या हातानं चाक फिरवत होता, मग हात काखेत दाबत होता, परत फिरवत होता. त्या थंडीत उघडी कातडी काही मिनिटांत बधिर होते हे दिवसभर टीव्हीवर सांगत होते. मला राग यायला हवा होता. आलं ते रडू. माझा भाऊ हौसेनं तिथं उभा नाही, त्याला कुणीतरी ओढून नेऊन उभं केलंय, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

कोट चढवून मी खाली गेले. मला पाहून त्यानं सिगारेट मागं लपवली, आणि मी म्हणाले, “लपवू नको. ओढ, आणि माझ्याशी बोल.”

“आक्का, तू वर जा. गारठशील.”

“तू येईपर्यंत थांबते.”

तो बोलला ते बहुतेक वर आल्यावर, गोधडीत पाय घेऊन, चहाबरोबर. ऑगस्टमध्ये आल्यावर पहिले काही आठवडे वर्गात त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. प्रोजेक्टचे गट आधीच ठरलेले. एका संध्याकाळी त्या फुटपाथवर एका मुलानं लायटर मागितला. याच्याकडं नव्हता, पण गप्पा सुरू झाल्या. एक सीरियाचा, एक इथल्याच फ्लिंट गावचा, एक चीनची मुलगी. त्यांनी त्याचं नाव नीट उच्चारायला शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी गेला. पुण्याला इंजिनिअरिंग करताना टपरीवर मित्रांबरोबर अधूनमधून ओढायचा, तसंच हेही राहील असं त्याला वाटलं होतं. थंडी वाढली तशी बाकीच्यांचं येणं कमी झालं. याचं मात्र वाढलं.

हे ऐकल्यावर मला त्या फुटपाथचा राग करता येईना. कायदा चांगलाच आहे. मिशिगनमध्ये मे 2010पासून हॉटेलांत आणि बारमध्ये धूर नाही, त्याचा फायदा मी रोज घेते. तंबाखू विकत घेण्याचं वय 21वर नेणारं मिशिगनमधलं पहिलं शहर हेच. 1 जानेवारी 2017पासून तो नियम इथं लागू झाला. देशभर तसा कायदा व्हायला डिसेंबर 2019 उजाडला. अशा नियमांनी किती मुलं वाचतात याचे आकडेही याच गावात गोळा होतात. थॉम्पसन स्ट्रीटवरच्या विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन संस्थेतून 1975पासून दरवर्षी देशभरच्या शाळकरी मुलांना व्यसनांबद्दल विचारलं जातं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बारावीतल्या दर चार मुलांमागं एकापेक्षा जास्त जण रोज सिगारेट ओढायचे. 2018मध्ये ते प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आलं. हे यश फार मोठं आहे आणि त्यामागं माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. पण माझा भाऊ 23 वर्षांचा होता. दुकानातल्या पाटीवरचा नियम त्याला लागू नव्हता, आणि लागू असता तरी जो आधीच अडकलाय त्याला पाटी सोडवत नाही.

त्याच सर्वेक्षणातून डिसेंबर 2018मध्ये दुसरी बातमी आली होती. बारावीतल्या मुलांमध्ये महिन्याभरात निकोटिनचं व्हेपिंग केलेल्यांचं प्रमाण एका वर्षात 11 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर गेलं होतं. जूल नावाच्या ई-सिगारेटचे दिवस होते ते. भावाच्या खोलीशेजारचा पदवीचा विद्यार्थी त्याला म्हणाला, सिगारेट सोडायची तर हे घे, वास नाही, बाहेर जायला नको. फेब्रुवारीत त्यानं ते करून पाहिलं आणि मला दाखवायलाही आणलं. पेनड्राइव्हसारखी चपटी वस्तू. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणं एका पॉडमध्ये साधारण सिगारेटच्या एका पाकिटाएवढं निकोटिन. काही जणांना त्यानं सिगारेट सुटते, हे मी वाचलं आहे. याच्या बाबतीत उलटं झालं. सिगारेटसाठी निदान कोट घालून तीन मजले उतरावे लागत होते. हे उशाशी असायचं. रात्री जाग आली की एक झुरका, अभ्यास करताना एक, दात घासायच्या आधी एक. पंधरवड्यात तोच म्हणाला, “आक्का, हे मला जास्त बांधून टाकतंय.” मला आनंद झाला तो त्यानं स्वतः येऊन सांगितलं याचा.

पुढं आम्ही विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी दिवसाला किती ओढतोस हे नंतर विचारलं; आधी विचारलं की सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची गरज जास्त धरतात आणि च्युइंगम 4 मिलिग्रॅमचा देतात, नाहीतर 2चा. दंडावर लावायच्या पट्ट्या 21 मिलिग्रॅमपासून सुरू होतात, मग 14, मग 7. धुरातलं निकोटिन दहाएक सेकंदांत मेंदूत पोचतं, पट्टीतलं हळूहळू झिरपतं, म्हणून पट्टीची चटक लागत नाही. सोडल्यावर पहिले दोनतीन दिवस सगळ्यात वाईट, मग आठवड्या-आठवड्यानं उतरत जातं. बाईंनी हे इतकं शांतपणे सांगितलं की मला निपाणीच्या प्रत्येक घरात अशी एक बाई हवी असं वाटलं.

मग त्यांनी च्युइंगम कसा खायचा ते दाखवलं. नेहमीसारखा चघळायचा नाही. दोनचार वेळा चावायचा, जिभेला चुरचुरलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. चुरचुर गेली की परत चावायचं, परत ठेवायचं, जागा बदलून. भावानं तोंडात घातला, चावला, आणि गालात ठेवताना त्याचा चेहरा बदलला. त्यानं तो बाहेर काढून कागदात गुंडाळला. बाईंना वाटलं चव आवडली नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मामा असंच ठेवायचे.” मी त्याचा हात धरला. पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. सिगारेट सुरू केल्यापासून मामांचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. त्या महिन्यात तो पट्टीवर राहिला. च्युइंगमला तो उन्हाळ्यात तयार झाला, आपणहून.

आईला सांगायचं की नाही यावर माझी झोप गेली होती. व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, “ह्याचे ओठ काळे का दिसालेत गं?” मी तिला खोटं सांगितलं नाही आणि त्याचं नावही घेतलं नाही. “त्याला विचार, तो सांगेल, मी हाय इथं,” एवढंच म्हणायचे. थोरल्या बहिणीची जागा मोठी अवघड असते. आईइतका हक्क नाही, मित्राइतकी मोकळीक नाही. पण त्याचं गुपित त्यानंच सांगायचं, यावर मी ठाम होते. मी चहाडी केली असती तर पुदिन्याच्या गोळ्या परत आल्या असत्या. त्या जूनमध्ये त्यानं आईला स्वतः सांगितलं. ती रडली, मग त्याच्या दुप्पट मामांसाठी रडली.

सुटली का, असं मला लोक विचारतात. सुटली, परत लागली, परत सुटली. पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या आणि नकार यायला लागले तेव्हा तो पुन्हा त्या फुटपाथवर गेला. त्याच रात्री फोन करून मला म्हणाला, “आज दोन ओढल्या.” बहुतेकांना अनेकदा सोडावी लागते हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. संध्याकाळची पाच ते सहा ही वेळ त्याला सगळ्यात जड जायची. त्या वेळेला आम्ही दोघं ह्युरॉन नदीकाठी आर्बोरेटममध्ये चालायला लागलो. कधी फ्लिंटचा तो मित्रही यायचा. त्यालाही सोडायची होती.

आता तो दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे. आम्ही सिगारेटचा विषय हवापाण्याइतका सहज काढतो. त्याच्या आवाजावरून मला अजून धडकी भरते, सर्दी असली तरी. डिसेंबरात निपाणीला चुलतभावाचं लग्न आहे. मंडपात पानाचं तबक फिरेल, वरातीच्या रात्री शाळेचे मित्र गाडीमागं बोलावतील, आणि तिथं नाही म्हणणं स्टेट स्ट्रीटपेक्षा अवघड जाणार हे त्याला माहीत आहे. च्युइंगम बरोबर नेतोय, 2 मिलिग्रॅमचा. मला रजा मिळत नाही म्हणून मी जाऊ शकत नाही. तिकडं रात्रीचे अकरा वाजतील तेव्हा इथं दुपारचे साडेबारा असतील, त्या वेळी मीटिंग ठेवू नका असं मी ऑफिसात सांगून ठेवलंय.