कसर

यजमानांच्या नोकरीनिमित्त १९८९ साली आम्ही वसईहून परभणीस आलो, तेव्हा दमट हवेतून एकदाची सुटका झाली, असे मला वाटले होते. वैशाखात येथील पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावी कपड्यांना ओल कसली लागणार?

भाड्याचे घर माळवदाचे, जाड मातीच्या भिंतींचे. भिंतीला टेकून मी ट्रंक ठेवली. तीत आईचे लग्नातले तांबडे, जरीकाठी सुती लुगडे होते. आषाढात खळ घालून, नीट घडी करून, वर डांबराच्या गोळ्या टाकून मी निश्चिंत झाले. दसऱ्यास ट्रंक उघडली. घडीवर करडी बुरशी, मध्ये कसरीने पाडलेली भोके आणि जर काळवंडलेली. मी मटकन खालीच बसले.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘‘माय, काळी जमीन पाणी धरून ठेवते आन् भिंत ते पिते. उन्हाळ्याच्या भरवशावर पावसाळा काढू नाही.’’

त्यांच्याकडून मी शिकले. ट्रंक विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. कसरीला खळ आवडते. म्हणून ठेवणीचे कापड खळ धुऊन, पूर्ण वाळवून, निवल्यावर जुन्या धोतरात गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत. त्या विषारी असल्याने मुलांच्या हाती तर मुळीच नकोत. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत ठेवावा. पण खरी राखण कोरडेपणाचीच. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. पाऊस सरला की घड्या मोडून कपड्यांना वारा द्यावा आणि रिकामी ट्रंक उन्हात तापवावी.

नाताळात आई आली. मी रडत लुगडे पुढे केले. ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘लग्नानंतर मी ते दोनदाच नेसले. माझ्याकडेही ते नुसते पडूनच होते.’’

मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, प्रभूने कसरीचे नाव घेतले आहे. तो अध्याय मी कितीदा ऐकला होता. ट्रंकेपर्यंत तो कधी पोहोचलाच नव्हता.

लुगड्याचा धड राहिलेला भाग मावशींनी वाकळीला वरून लावून दिला. ती वाकळ दर हिवाळ्यात आमच्या अंगावर असते, दर ऑक्टोबरात उन्हात पडते. विटली आहे खरी. पण तिला अद्याप कसर लागलेली नाही.