रंगाआधी धातू

मिनेसोटात वॉलआय माशाचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर उघडतो. त्याआधीचा सगळा हिवाळा माझं गॅरेज जिग ओतण्याच्या आणि रंगवण्याच्या कामात असतं. जिग म्हणजे हुकाच्या दांड्यावरच ओतलेलं धातूचं छोटं डोकं. मागे मऊ प्लास्टिकची शेपटी किंवा मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा जिवंत मासा, लावायचा, तळापर्यंत सोडायचा आणि मनगटाने हलकेच उचलत राहायचं. मालवणाकडच्या माणसाला गरी आणि गरवणं वेगळं सांगायला नको. लहानपणी खाडीवर दोरीला शिसं बांधून आम्ही तेच करायचो, फक्त तिथे वजन आणि गरी वेगवेगळी असायची आणि रंगाचा प्रश्नच नव्हता. इथे दुकानात जिग हवे तेवढे मिळतात. पण डोक्याचा आकार, हुक आणि रंग तिन्ही आपल्या तळ्याला जुळणारे हवे असतील, तर ते घरीच करावेत असं माझं ठाम मत आहे.

हा रंग पातळ नसतो. ती प्लास्टिकची, बहुधा पॉलिस्टर रेझिनची, रंगीत भुकटी असते. गरम धातूला लागली की वितळून चिकटते आणि ओव्हनमध्ये भाजली की पक्की होते. नीट भाजलेला रंग खडकावर आपटूनही सहसा उडत नाही, आणि प्लास्टिकच्या शेपट्यांमधल्या तेलाने चिकट होत नाही.

नव्याने सुरू करणारा माणूस रंगांची यादी बघून गोंधळतो. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पहिली बरणी पांढऱ्याची घ्या. पांढरा एकटाही चालतो, पण त्याचं खरं काम अस्तराचं आहे. शार्ट्रूजसारखा झगझगीत पोपटी-पिवळा किंवा फ्लुरोसंट नारिंगी थेट धातूवर दिला, तर खालचा करडेपणा वर डोकावतो आणि रंग मळकट दिसतो. अंधारात चमकणाऱ्या ग्लो पावडरला तर पांढऱ्याशिवाय पर्यायच नाही. तिचा प्रकाश करड्या धातूत विरतो, पांढऱ्यावरून परत फिरतो. चांगल्या ग्लो पावडरमध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं. त्याचे कण जड आणि भरड असल्यामुळे ते तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी बरणी हलवून घ्यायची आणि वरून पारदर्शक पावडरचा पातळ थर द्यायचा.

बाकीचे रंग तळं ठरवतं. कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वुड्सचं पाणी दलदलींमधून येतं आणि चहाच्या रंगाचं असतं. अशा पाण्यात निळा प्रकाश आधी संपतो, नारिंगी-तांबडा सर्वांत खोल पोचतो. वॉलआयचे डोळेही नेमके नारिंगी-तांबड्या आणि हिरव्या रंगांना जास्त संवेदनशील असतात. डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा पडदा असल्यामुळे त्याला मंद उजेडातही दिसतं. म्हणून तिकडे जाताना माझ्या पेटीत नारिंगी, सोनेरी आणि ग्लो. मिल लॅक्स तळ्याचं पाणी झेब्रा शिंपल्यांचा शिरकाव झाल्यापासून बरंच नितळ झालंय. तिथे तांबडा काही मीटरांतच काळवंडतो, आणि मी पांढरा, फिका हिरवा, जांभळा असे सौम्य रंग नेतो. एवढे पाच-सहा रंग पुरेत. यादीतले उरलेले बहुतेक रंग माणसाला भुलवतात.

आता प्रत्यक्ष काम. ओतलेल्या जिगच्या कडेला आलेली धातूची पापुद्र्यासारखी कड सुरीने काढायची, अॅसिटोनने पुसायचं. रंगाच्या भांड्याला तळाशी सच्छिद्र पडदा आणि खालून मत्स्यालयाचा हवेचा पंप जोडला, की आतली भुकटी उकळी फुटलेल्या दुधासारखी फुगून वर येते. याला फ्लुइड बेड म्हणतात. चिमट्यात हुक धरून डोकं हीट गनसमोर फिरवायचं, मग त्या फुगलेल्या भुकटीत क्षणभर बुडवून काढायचं. बाहेर येतं तेव्हा अंगावर मखमली साय असते, आणि डोळ्यांदेखत ती ओली होऊन चमकायला लागते. चमकली म्हणजे उष्णता बरोबर. कोरडी, पिठूळ राहिली तर पुन्हा थोडी ऊब द्यायची. खाली थेंब लोंबायला लागला तर धातू जास्त तापलाय. दुसरा रंग हवा असेल तर मऊ ब्रशवर भुकटी घेऊन, गरम असतानाच पाठीवर टिचकीने पाडायची. हुकाचा डोळा रंगाने बुजलेला असतो, तो लगेच सुईने मोकळा करायचा. भाजल्यावर तोच रंग दगड होतो. मग जाळीला टांगून ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअसला, पंधरा-वीस मिनिटं. हा ओव्हन पुन्हा खाण्याच्या कामाला वापरायचा नाही. आमच्याकडे तो गॅरेजमध्येच राहतो.

एका उन्हाळ्यात आम्ही कनूमधून जात असताना जवळच लून बुडी मारून वर आला. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची चौकट. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. मुलीने विचारलं, "बाबा, जिगला रंग असला की आतलं शिसं बाहेर येत नाही ना?"

येतं. लून तळावरचे खडे गिळतो, कारण अन्न भरडायला त्याच्या पेषणीत खडे लागतात. त्या खड्यांबरोबर तळाशी पडलेलं शिशाचं वजन जातं, किंवा दोरी तोडून सुटलेल्या माशाबरोबर जिग पोटात जातो. पेषणीतले खडे आणि आम्ल मिळून सर्वांत चिवट रंगही खरवडून काढतात. मग शिसं रक्तात उतरतं, आणि एक छोटा जिग एका लूनचा जीव घ्यायला पुरतो. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेची 'गेट द लेड आउट' ही मोहीम हेच सांगते. न्यू हॅम्पशरमध्ये गोड्या पाण्यात एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगवर बंदीच आहे. मुलीला उत्तर दिलं आणि त्या हिवाळ्यापासून साच्यात शिसं ओतणं थांबवलं. उरलेलं शिसं घातक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो.

मग रंगाचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागला. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे १७७ ला भाजताना काळजीच नसते. पर्याय म्हणून सहज मिळणारा बिस्मथ-कथील मिश्रधातू १३८ लाच वितळतो. वेष्टनावरचा आकडा वाचला, तरी खात्रीसाठी एक कोरा जिग ओव्हनमध्ये टांगून काचेतून बघत उभा राहिलो. आधी डोक्याची चकाकी बदलली, मग हनुवटीशी फुगवटा आला, आणि तो टपकन खालच्या ताटलीत पडला. वर नुसता हुक झुलत राहिला.

शुद्ध कथलाचं तसं नाही. तेच कथील, ज्याची कल्हई आपल्या पितळी पातेल्यांना लावतात. ते २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भाजणीत टिकतं. कांडी वाकवली की आतून बारीक करकर आवाज येतो, तो ऐकायला मला अजून आवडतो. मात्र हीट गन इथे धोक्याची. शिशाच्या सवयीने धरली तर नाकाचं टोक कधी ओघळलं ते कळतही नाही. म्हणून कथलाचे जिग मी आधी ओव्हनमध्येच तापवतो आणि तिथून एकेक उचलून भुकटीत बुडवतो. जरा सावकाश होतं, पण थर जास्त एकसारखा बसतो.

कथील शिशाहून कितीतरी महाग आणि हलकंही. ज्या साच्यात शिशाचा पाव औंसाचा, म्हणजे सात ग्रॅमचा जिग निघतो, त्यात कथलाचा साडेचार ग्रॅमच भरतो. तेवढंच वजन हवं तर मोठा साचा घ्यावा लागतो. तक्रार करणारे इथेच थांबतात. मला उलट यात फायदा दिसतो. डोकं मोठं म्हणजे रंगाला जागा मोठी. नारिंगी पाठ आणि पोपटी पोट अशी जोडी शिशाच्या चिमुकल्या डोक्यावर एकमेकांत मिसळायची, ती कथलावर स्पष्ट उठते. शिवाय जिग सावकाश बुडतो, आणि हंगामाच्या सुरुवातीला उथळ, थंड पाण्यातला सुस्तावलेला वॉलआय त्याच्याकडे जास्त वेळ बघू शकतो. जोराच्या वाऱ्यात आणि खोल पाण्यात मात्र कथलाचा हलका जिग तळाला लागत नाही, हे मान्य करायला हवं.

बिस्मथचे जिग मी टाकून दिले नाहीत. त्यांना भाजावा न लागणारा व्हिनाइलचा पातळ रंग देतो, खाली पांढरा, वर शार्ट्रूज. हा रंग पावडरइतका चिवट नाही, खडकावर लवकर टवके उडतात. वाळूच्या तळावर हे जिग छान चालतात. मिल लॅक्सच्या खडकाळ उंचवट्यांवर जायचं असेल, तर कथलाचेच बांधतो.