खोपटच्या एस.टी. फलाटावरून

नाशिककडून किंवा कोकणातून ठाण्याला आलात तर कंडक्टर उतरण्यापूर्वी विचारील, "स्टेशन की खोपट?" नवखा माणूस या नावाला हसतो. आपल्याकडे खोपट म्हणजे शेताच्या बांधावरचा राखणदाराचा निवारा. चार मेढी, वर पाचटाचे छप्पर. ठाण्याच्या खोपटात मात्र एस.टी.चे मोठे आगार आहे, आणि अवतीभवती मान मागे टाकून पाहाव्या अशा इमारती आहेत. नाव कसे पडले हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या वादात पडू नये, आपण उतरावे आणि फलाटावरचे एखादे बाकडे धरावे.

तुम्हाला ठाण्यात तलावपाळी पाहायची असेल, कोपिनेश्वराचे दर्शन घ्यायचे असेल, तर जरूर जा. पण वाचकहो, निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून देशाच्या वाढीचे जे टक्के आपल्या कानांवर आदळतात, त्यांचा अर्थ लावायचा असेल तर खोपटच्या फलाटावर तासभर बसण्यासारखी दुसरी सोय नाही. येथे गाव आणि शहर एकाच बाकड्यावर बसते.

पाहा, गाड्यांतून काय उतरते ते. डोंबिवलीच्या लेकीसाठी अर्धी गोणी कांदा घेऊन आलेली आई. दिव्याला खोली घेऊन राहणारा आणि बांधकामावर काम करणारा मुलगा. सणाला गावी निघालेले कुटुंब, त्यांच्याकडे कपड्यांपेक्षा खाऊच्या पिशव्या जास्त. तिकीट काढताना बायका सहज म्हणतात, "अर्धे द्या." 17 मार्च 2023 पासून राज्यात महिलांना एस.टी.त अर्धे भाडे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, ऑगस्ट 2022 पासून, प्रवास मोफत झाला. वाढ झाली का म्हणून या मावशींना विचारले, तर त्या प्रथम हेच तिकीट दाखवतील. गंमत अशी, की देशाच्या उत्पादनाच्या हिशेबात हे वाचलेले पैसे वाढ म्हणून चढत नाहीत. सरकार एस.टी.ला जी भरपाई देते ती अनुदान म्हणून उलट वजा होते.

आता फलाटावरून उठा आणि कॅडबरी नाक्याच्या दिशेने चालू लागा. महामार्गावर मेट्रोचे खांब उभे आहेत. पलीकडे पोखरण रस्त्याला 1925 साली सुरू झालेली रेमंडची कापडगिरणी होती. 2009 मध्ये ती बंद पडली, आणि त्या जमिनीवर आता निवासी मनोरे आहेत. थोड्या अंतरावर वागळे इस्टेट. राज्याच्या औद्योगिक महामंडळाचे काम 1962 मध्ये तेथून सुरू झाले. गिरणीत कापड निघत होते तेव्हा ते हिशेबात धरले जाई, आणि तिच्या जागी मनोरा बांधला तेव्हा तोही धरला गेला. इतकेच नव्हे, मनोऱ्यात स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडे देतो असे मानून तेही आकडेवारीत घेतात. तुम्ही घरच्या कणगीत ठेवलेली ज्वारी, जी बाजारात गेलीच नाही, तीही मोजतात. त्या ज्वारीची भाकरी थापणाऱ्या घरधनिणीचे कष्ट मात्र मोजत नाहीत. ही काही आपल्या सरकारची लबाडी नव्हे. जगभर रीत हीच आहे. पण रीत ठाऊक नसेल तर आकडा ऐकून माणूस उगीच फुगतो, नाहीतर उगीच चिडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 20 मे 2024 रोजी लोकसभेसाठी ठाणे आणि कल्याणमध्ये मतदान झाले. त्याच दिवशी कसारा घाटाच्या वर नाशिक आणि दिंडोरीतही झाले. म्हणजे खोपटातून सुटणारी गाडी चार-पाच तासांत ज्या दोन टोकांना जोडते, ती दोन्ही टोके एकाच दिवशी मत देत होती. देशाचे उत्पादन त्या वर्षी, म्हणजे 2023-24 मध्ये, 8.2 टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज 31 मे रोजी जाहीर झाला. येथले मतदान तेव्हा उरकले होते. पुढे 28 फेब्रुवारी 2025 ला तोच आकडा सुधारून 9.2 करण्यात आला. पण वाढ जोरात आहे हे प्रचारात आधीपासून सांगितले जात होते, आणि आकडेवारी पाहता ते खोटे नव्हते.

मग घाटावर काय चालले होते? ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले. 8 डिसेंबरपासून निर्यात बंद झाली. लासलगाव, चांदवड, कळवण, येवला हा सारा कांद्याचा मुलूख दिंडोरी मतदारसंघात येतो. उन्हाळ कांदा निघाला तेव्हाही बंदी चालूच होती. 4 मे 2024 ला ती उठली, म्हणजे मतदानाला सोळा दिवस राहिले असताना. तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला किमान 550 डॉलर भावाची अट ठेवून.

येथे थोडे थांबून हिशेबाची रीत समजून घ्या, कारण शेतकऱ्याची खरी फसगत येथे होते. वाढीचा दर ‘स्थिर किमतीं’ना काढतात. म्हणजे यंदाचा माल, पण भाव जुन्या ठरावीक वर्षाचा. 2024 मध्ये ते वर्ष 2011-12 होते. तुमच्या शेतात गेल्या वर्षी शंभर क्विंटल कांदा झाला आणि यंदाही शंभर झाला, तर कागदावर तुमचे काहीही बिघडले नाही. बाजार समितीत भाव निम्म्यावर आला, वाहतूक, हमाली, तोलाई जाऊन हिशेबपट्टीवर हाती काही उरले नाही, तरी कागदावर शंभर ते शंभरच. माल किती पिकला हे तो आकडा सांगतो. विकून काय आले हे त्याला कोणी विचारलेलेच नाही. आणि तेवढ्यावरही, 8.2 च्या त्या अंदाजात शेतीची वाढ 1.4 टक्केच होती.

महागाईचेही असेच आहे. रुपयांत मोजले तर 2023-24 मध्ये देशाचे उत्पादन 9.6 टक्क्यांनी वाढले होते. त्यातून भाववाढ वगळून 8.2 उरले, म्हणजे भाववाढ दीड टक्क्याहूनही कमी धरली गेली. एवढी कमी का? घाऊक बाजारात कच्च्या मालाचे भाव नरम होते आणि या हिशेबात घाऊक भावांचे वजन मोठे असते. परंतु घरखर्चाचा, म्हणजे ग्राहक किमतींचा, निर्देशांक त्या वर्षी सरासरी 5.4 टक्क्यांनी वर गेला होता, आणि त्यातले खाद्यपदार्थ त्याहूनही अधिक. जांभळी नाक्याच्या बाजारात पिशवी घेऊन उभी असलेली ठाणेकर बाई दीड टक्क्याची महागाई मानणार नाही. तिची तक्रार आणि सांख्यिकी खात्याचा आकडा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकमेकांशी बोलत नाहीत, एवढेच.

सरासरीचा खेळही पाहून घ्या. राज्याच्या आर्थिक पाहणीत 2022-23 चे दरडोई उत्पन्न 2,52,389 रुपये दिले होते. तुमच्या घरात पाच माणसे असतील तर वर्षाला साडेबारा लाख, महिन्याला लाखाच्या वर! घरात सर्वांना वाचून दाखवा, आजी पदर तोंडाला लावून हसेल. या सरासरीत मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाला असा क्रम वर्षानुवर्षे दिसतो. देशभरातल्या शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी 2018-19 मध्ये झाली, तेव्हा एका कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये भरले. त्यात मजुरीचे 4,063 आणि पिकाचे 3,798. वर्षे वेगळी आहेत, एक हिशेब राज्याचा आणि दुसरा देशाचा आहे, हे ध्यानात ठेवूनही अंतर डोळ्यांत भरते. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, ही गोष्ट तर मला सर्वांत बोचते. खोपटला उतरणाऱ्या त्या बांधकामावरच्या मुलाचा अर्थ तेथे कळतो.

निकाल काय लागले? ठाणे आणि कल्याण सत्तारूढ महायुतीकडे गेले. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. नाशिकही विरोधकांनी घेतले. कल्याणात जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले, दिंडोरीत शंभरातले साठांहून अधिक. ज्याला दुखले तो उन्हात रांगेत उभा राहिला.

यावरून कोणी सरळ नियम बांधू पाहील, तर त्याने पुढचे सहा महिनेही पाहावे. जुलै 2024 पासून ‘लाडकी बहीण’चे महिना 1,500 रुपये ठरले, सप्टेंबरात कांद्याची किमान निर्यात किंमत गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. नोव्हेंबरच्या विधानसभेत नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीने जिंकल्या. मे महिन्यात रागावलेला तोच जिल्हा! आणि हे दीड हजारही देशाच्या उत्पादनात मोजत नाहीत. ते नुसते एका हातातून दुसऱ्या हातात जातात, खर्च झाले तेव्हा काय ते मोजले जाते. 2004 साली ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती झळकल्या, वाढ आठ टक्क्यांच्या घरात होती आणि दिल्लीचे सरकार पडले. पण त्याच वेळी ठाण्याने मात्र सत्तारूढ आघाडीच्या प्रकाश परांजपे यांनाच निवडून दिले होते.

म्हणून आकडा टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. रस्ते, पूल, मनोरे डोळ्यांना दिसतात, त्या मुलाची मजुरी त्यातूनच निघते आणि तिच्यातून गावच्या सोसायटीचा हप्ता जातो. वाढ मुळीच नसती तर खोपटची गाडी त्याला परत गावी घेऊन गेली असती, आणि गावात काम कोठे आहे? तक्रार एवढीच, की उमेदवार गावात येऊन आठ टक्के सांगतो तेव्हा त्याला पुढचे विचारणारा कोणी उभा राहत नाही. आठ टक्के कशाचे? मालाचे की पैशाचे? यंदाच्या भावाने की जुन्या? त्यात शेतीचे किती? चार प्रश्न आहेत. ग्रामपंचायतीच्या सभेत शाळकरी मुलगीही ते विचारू शकेल.

खोपटला गेलात तर परतीच्या गाडीपूर्वी एक काम करा. स्टेशनकडे जाऊन जांभळी नाक्यावर कांद्याचा किलोचा भाव विचारा आणि तो एस.टी.च्या तिकिटामागे लिहून ठेवा. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले आहे, तेव्हा तिकीट फेकू नकाच. घरी आल्यावर ते बाजार समितीच्या हिशेबपट्टीला टाचणीने लावा. पुढच्या खेपेला सभा भरेल तेव्हा दोन्ही कागद खिशात असू द्या.