चढ आधी दुसऱ्यांना दिसतो

मुलुंड (पूर्व)
रविवार, संध्याकाळ

चि. मृणाल हिस,


तुझी आई म्हणते, तुला 'जरा टेन्शन' आहे. तू मेसेजमध्ये आजाराचं नाव लिहिलंस, बायपोलर. दोघींपैकी तुझं खरं धरून हे पत्र लिहिते आहे. फोन मुद्दाम केला नाही. बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं घरभर होतं, आणि तुझी आई मध्येच फोन घेऊन "सुधा, तिला भलतंसलतं काही सांगू नकोस" म्हणेल. ती घाबरली आहे. माझं सगळं तिने जवळून पाहिलंय.

आपल्या घरात या आजाराला 'थायरॉईड' म्हणायची रीत आहे, हे तुला आता कळलं असेल. लग्नानंतर मी पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा तुझ्या आजीने सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं, सुधाला थायरॉईड झालाय. पुढे लिथियम सुरू झालं आणि काही वर्षांनी मला खरोखरच थायरॉईडची गोळी लागली, कारण लिथियमचा त्या ग्रंथीवर परिणाम होऊ शकतो. काका म्हणतात, सासूबाई खोटं बोलल्या नाहीत, फक्त जरा आधी बोलल्या.

डिप्रेशन म्हणजे उदास होणं आणि मेनिया म्हणजे खूश होणं, असं लोक समजतात. तू आत जाऊन आली आहेस, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. माझ्या डिप्रेशनमध्ये रडू कधी आलंच नाही. दाराच्या कडीला लावलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच असायची. ती आत आणायची आहे हे कळायचं, उठायचं कसं हे कळायचं नाही. तहान लागलेली असायची आणि माठ चार पावलांवर असायचा. केस विंचरायचे म्हणजे हात वर करावे लागतात, हा विचार करून मी पुन्हा आडवी व्हायचे. याला लोक आळस म्हणतात. म्हणू देत.

चढ, म्हणजे मेनिया, मात्र नीट सांगते. तेव्हा मी घाटकोपरच्या शाळेत शिकवत होते. दिवाळी जवळ आली होती. रात्री दोनला उठून मी चकलीची भाजणी भाजायला घेतली, चांगली चार-पाच किलो. डाळी खरपूस होईपर्यंत मला अख्खा धंदा समोर दिसायला लागला होता: पाकिटं, त्यावरचं नाव, स्टेशनबाहेरचा गाळा, कामाला बायका. दुसऱ्या दिवशी पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला आणि छापखान्यात लेबलं छापायला दिली, हजारांच्या हिशोबात. वर्गात मी इतकी सुरेख शिकवत होते की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. ट्रेनमध्ये लेडीज डब्यातल्या सगळ्यांशी माझी ओळख झाली होती. मग पुढच्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांवर वही फेकली. लेबलं अजून माळ्यावर आहेत. काका त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहितात.

त्या सगळ्या दिवसांत मी आजारी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. उलट वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदाच बरी झालेय. या आजाराची मेख ही आहे, मृणाल. उतार लागला की आपल्याला कळतं. चढ मात्र घरच्यांना कळतो, शेजाऱ्यांना कळतो, वाण्यालाही कळतो, आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी. म्हणून डॉक्टरकडे जाऊन आपण फक्त उताराचं सांगतो, कारण चढ हे दुखणं आहे असं आपल्याला वाटतच नाही. ते ऐकून डॉक्टर नुसत्या डिप्रेशनची गोळी देतात, आणि बायपोलर असलेल्या माणसाला तेवढीच गोळी दिली तर ती कधीकधी थेट मेनियात नेऊन सोडते. तुझं निदान होईपर्यंत मधली दोन वर्षं कशी गेली, हे तुझ्या मेसेजवरून मी ओळखलं. पुढच्या वेळी आईला किंवा एखाद्या जवळच्या मैत्रिणीला बरोबर ने, आणि डॉक्टरांना सांग, आधी हिला बोलू द्या.

उशीर झाला म्हणून हळहळू नकोस. निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात बायपोलर असलेल्या शंभरातल्या सत्तर जणांना उपचारच मिळत नव्हते, आणि डिप्रेशनच्या बाबतीत हा आकडा पंचाऐंशीच्या घरात होता. तू उरलेल्या तीस जणांत आली आहेस.

आता लिथियम. तुला ते सुरू केलं हे बरं झालं. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये ते मेनियावर वापरलं, आणि आजही ते पहिल्या फळीत आहे. हा एक साधा क्षार आहे, म्हणून स्वस्त. व्हॅल्प्रोएट नावाचंही औषध आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या मुलींना ते शक्यतो टाळतात, गर्भाला मोठा धोका असतो. लिथियमवर असतानाही उद्या मुलाचा विचार केलास तर आधी डॉक्टरांशी बोल, गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. लिथियमचं रक्तातलं प्रमाण मात्र काटेकोर सांभाळावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. आणि हे प्रमाण बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्याच घरात असतात. हरतालिकेचा निर्जळी उपवास आता बंद. मीठ सोडायचे उपवास तर त्याहून बंद, कारण शरीरात मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. डोकं दुखलं म्हणून केमिस्टकडून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी परस्पर आणायची नाही, त्यानेही पातळी चढते. ऑक्टोबरच्या उन्हात अंधेरी स्टेशनवरून एमआयडीसीपर्यंत चालत जातेस, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेव. जुलाब-उलट्या झाल्या, हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. देव रागावणार नाही, पण तुझी आई हरतालिकेवरून रागावेल. तिला मी बघते.

झोपेचं तुला पटणार नाही, तरी लिहिते. झोप मोडणं हे मेनियाचं लक्षण आहे आणि कारणही. रात्रपाळी सोडता येत असेल तर सोड. एचआरला कारण सांगायचं नसेल तर डॉक्टरांकडून 'वैद्यकीय कारणासाठी दिवसपाळी' एवढंच लिहून घे, आजाराचं नाव चिठ्ठीवर असावंच असं नाही. आणि ते फाल्गुनी पाठकच्या दांडियाचे पास! बोरिवलीत राहून नवरात्रात घरी बस, असं मी म्हणणार नाही. एक रात्र जा. नऊच्या नऊ रात्री नाही. गाणं थांबतं, पण डोकं तीन वाजेपर्यंत फिरत राहतं, हे मला माहीत आहे.

तू विचारलंस, आधारगटात जाऊन काय होतं, आपलीच रडगाणी ऐकायची का. मलाही आधी तसंच वाटायचं. आम्ही महिन्यातल्या एका रविवारी मुलुंडला एका छोट्या हॉलमध्ये जमतो. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल लावायच्या, थर्मासमधला चहा, मारी बिस्किटं. बाहेर कोणाचं नाव काढायचं नाही आणि औषधांचे सल्ले एकमेकांना द्यायचे नाहीत, हे कडक नियम आहेत. पहिला प्रश्न "कसे आहात" असा नसतो, "झोप किती?" असा असतो.

एक रिक्षावाले दादा येतात. एका रविवारी ते आले तेच बोलत. कर्ज काढून आणखी तीन रिक्षा घ्यायच्या, पोरं ठेवायची, वर्षभरात फ्लॅट. हिशोब तोंडपाठ. माणूस इतका उमेदीने बोलत होता की नवीन कोणी असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या. आमच्यातलं कोणी हललं नाही. पवईची एक इंजिनिअर मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिने हळूच विचारलं, "दादा, झोप किती?" ते म्हणाले, "तीन-साडेतीन तास. पण एकदम मस्त वाटतंय." ती म्हणाली, "मलाही मस्तच वाटत होतं, तेव्हा मी नोकरीचा राजीनामा टाकला होता." बराच वेळ ते चहाच्या कपाकडे बघत बसले. मग तिथूनच बायकोला फोन लावून म्हणाले, उद्या ओपीडीला जाऊ.

हेच बायकोने सांगितलं असतं तर घरात भांडी वाजली असती. आम्ही सांगितलेलं ऐकलं, कारण आम्ही सगळे तिथे वर जाऊन आलोय. गट कशासाठी, तर यासाठी. सहानुभूती तर शेजारची बाईही देते. आपल्याला चढ लागलाय हे ओळखणारी आणि तोंडावर सांगणारी माणसं हवीत, आणि त्यांना तो हक्क आपण बरे असताना देऊन ठेवायला हवा.

कुठे जायचं? आम्ही लहान असताना घाटकोपरच्या चाळीत कोणी विचित्र वागलं की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणायचे, १९०१ सालापासूनचं मनोरुग्णालय तिथे आहे म्हणून. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली. आज लोक तिथे आपल्या पायाने जातात, रुग्णही आणि घरचेही. तुला तुझ्याच आजाराची माणसं हवी असतील तर विजय नल्लावाला यांचा 'बायपोलर इंडिया' हा समूह आहे. त्यांनी स्वतःचा आजार नावानिशी उघड सांगितला आणि मग इतरांना जमवलं. पैशांचा प्रश्न आला तर कूपर, सायन, नायर, केईएम, या महापालिकेच्या कुठल्याही हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे. रांग लांब असते, डॉक्टर तरुण आणि दमलेले असतात, पण उपचार तेच. आणि रात्री-अपरात्री जगणं नकोसं वाटलं तर वाट बघत बसायचं नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तो फोनमध्ये साठव. माझ्या नंबराच्या वर साठवलास तरी चालेल.

घरच्यांसाठीही असे गट असतात, हे तुझ्या आईला सांग. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन जगन्नाथ वाणींनी उभी केली, ते मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. 'देवराई' सिनेमामागेही तेच होते. आजार वेगळा, पण घरच्यांनी एकत्र बसायचं हे तिथेही तेच. तुझी आई गटात यायला तयार होणार नाही. मग तिला 'कासव' दाखव, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. डिप्रेशनवर आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालंय. बक्षीस मिळालेलं म्हटलं की ती बघेल.

कायद्याचं एक बघून ठेव. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. बरं असतानाच तू लिहून ठेवू शकतेस की पुढे आजार वाढला तर कोणते उपचार चालतील, कोणते नाहीत, आणि तुझ्या वतीने कोण बोलेल. तो माणूस आईच असला पाहिजे असं नाही. मैत्रीण चालेल, मी चालेन. विमा कंपनीनेही मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं असं त्याच कायद्यात आहे. तेव्हा ऑफिसच्या पॉलिसीचे कागद एकदा नीट वाच.

राहता राहिलं लग्न. आईने स्थळं बघायला सुरुवात केली आहे, आणि 'थायरॉईड'ची पाटी पुन्हा घासूनपुसून काढली आहे, हो ना? माझं मत ऐक. पहिल्या कांदेपोह्यांना सांगायची गरज नाही. पण साखरपुड्याच्या आधी मुलाला, एकट्याला, तू स्वतः सांग. लपवलेल्या आजारावरून लग्नं कोर्टात जातात. त्याहून वाईट म्हणजे, ज्याला माहीतच नाही तो तुझा चढ ओळखणार कसा? काकांना लग्नानंतर कळलं. पुढची दोन वर्षं आमच्यात धड बोलणं नव्हतं. मग त्यांनी माझ्यावर लक्ष ठेवायला शिकून घेतलं. आता मी रात्री अकराला ओटा दुसऱ्यांदा पुसायला घेतला की ते पेपर खाली ठेवतात आणि विचारतात, "सुधा, डॉक्टरांचा नंबर लावू का?" मला राग येतो. दरवेळी येतो. तरी लावू देते.

पुढच्या रविवारी गट आहे. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला ये, तिथून स्लो पकड, काका मुलुंड स्टेशनला पूर्वेकडे उभे राहतील. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नवीन माणसाला कोणी आग्रह करत नाही.

तुझी,
सुधामावशी

ता. क. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. रात्री नऊला गोळी घेतलीस तर सकाळी नऊला रक्त दे, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घे. लॅबवाले हे नेहमी विचारत नाहीत, तूच सांग.