दोन इंचाची वायर

आपल्याकडे थर्मोस्टॅट म्हटलं की गिझर आठवतो, नाहीतर इस्त्री. पाणी तापलं, टक् आवाज आला, लाल दिवा गेला, विषय संपला. इंग्लंडात हीच टक् अख्ख्या घरासाठी असते. हॉलच्या भिंतीवर एक गोल बटण, स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, आणि खोल्याखोल्यांतून गरम पाणी फिरवणारे रेडिएटर. आमच्या घरातलं ते बटण माझ्याच वयाचं असावं. आकडे पुसट झालेले. २० वर ठेवलं की २३ होतं आणि १९ वर ठेवलं की काहीच होत नाही.

तसं निभत होतं. पण नोव्हेंबरात आई पुण्याहून तीन महिने राहायला येणार होती. रात्री थंडी वाजली तर ती आम्हाला उठवणार नाही, अंधारात जिना उतरून बटण फिरवायला जाईल, हे नक्की. गुडघे कसेही असोत. म्हणून स्मार्ट थर्मोस्टॅट हवा होता.

ही बातमी न्यू जर्सीला दादाच्या कानावर गेली आणि आठवड्याभरात पार्सल हजर! त्याच्या जुन्या घरातला थर्मोस्टॅट, अगदी चकचकीत. मागोमाग फोन. "अरे चार वायरी असतात. रंगाला रंग जुळव आणि झालं. वीस मिनिटांचं काम. तू इंजिनियर ना?"

(सॉफ्टवेअर इंजिनियरला घरातली कुठलीही वायर जोडता येते हा समज समुद्र ओलांडला तरी जात नाही.)

दादाचं त्याच्या घरापुरतं बरोबरच होतं. अमेरिकेत भट्टीच्या आतच एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपर्यंत फक्त हे २४ येतात. वायरी बारीक, जवळजवळ टेलिफोनच्या. आर, डब्ल्यू, सी अशी अक्षरं असलेल्या खाचांत त्या खुपसायच्या. चुकलं तर फार तर फ्यूज उडतो. तिथेही विजेच्या बेसबोर्ड हीटरचे थर्मोस्टॅट सरळ १२० किंवा २४० व्होल्टवर चालतात, पण त्यांच्या वायरी जाडजूड असल्याने माणूस आपोआप सावध होतो.

ब्रिटनमधल्या असंख्य घरांत बॉयलरचं नियंत्रण थेट २३० व्होल्टवर चालतं. म्हणजे आपल्या पुण्याच्या स्विचबोर्डात असते तीच वीज. बॉयलरकडून एक लाइव्ह वायर थर्मोस्टॅटकडे जाते. घर गार झालं की आतला स्विच जुळतो आणि तीच वीज दुसऱ्या वायरीने बॉयलरकडे परत येते. "वीज आली, पेटव." संदेश तो एवढाच. इथे या परतीच्या वायरीला स्विच्ड लाइव्ह म्हणतात.

आता रंगांची गंमत बघा. ब्रिटनमध्ये २००४ पासून नव्या रंगांची पद्धत आली: ब्राऊन लाइव्ह, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. त्याआधी लाल आणि काळी. पण थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या केबलमध्ये बहुतेकदा अर्थ सोडली तर दोनच वायरी असतात. एक लाइव्ह नेते, दुसरी लाइव्ह परत आणते. न्यूट्रल तिथे नसतेच! म्हणजे निळी वायर दिसायला न्यूट्रल, पण हीटिंग चालू असताना तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट. नियमाप्रमाणे तिच्या टोकाला ब्राऊन टेप गुंडाळायला हवी. आमच्याकडे नव्हती.

आणि अमेरिकन थर्मोस्टॅटमध्ये निळी वायर बहुधा 'सी'मध्ये जाते. रंगाला रंग जुळवला असता तर २४ व्होल्टसाठी बनवलेल्या नाजूक सर्किटवर २३० सोडले असते. यंत्र जळालं असतं तर ते निदान कळलं तरी असतं. भीती वाटते ती न जळता भिंतीवर लटकून राहण्याची, आणि आईचा हात त्यावर जाण्याची.

प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर वायरीला टाइप नसतो. २४, २३०, की नुसता कोरडा संपर्क (ज्यात बाहेरून वीज द्यायचीच नसते, दोन टोकं फक्त एकमेकांना टेकवायची), तिन्ही बाहेरून सारखंच तांबं. कंपायलर ओरडत नाही. चूक थेट रनटाइमला कळते.

दादाला फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मग एखादा ट्रान्सफॉर्मर लाव ना मध्ये." तसं करता येतं, ट्रान्सफॉर्मर आणि रिले लावून. पण आई राहणार त्या घरात मला असला जुगाड नको होता. दादा दोन दिवस जरा घुश्शात होता.

मग इथे मिळणारा बिनतारी संच आणला. भिंतीवरचा भाग सेलवर चालतो, आणि बॉयलरशेजारी एक रिसीव्हर बसतो. त्याला आपली वीज लागते म्हणून लाइव्ह आणि न्यूट्रल, आणि आतल्या रिलेसाठी कॉमन आणि 'हीटिंग चालू' अशा आणखी दोन खाचा. खरी मेख इथेच आहे. बॉयलरला २३० व्होल्टचा संदेश हवा असेल तर रिसीव्हरच्या लाइव्ह आणि कॉमनमध्ये दोन इंचाची वायर जोडायची. बॉयलरला कोरडा संपर्क हवा असेल तर ती अजिबात ठेवायची नाही, कारण मग २३० व्होल्ट थेट बॉयलरच्या लो-व्होल्टेज सर्किटवर जाऊन बोर्ड खलास. काही बॉयलरांत दोन्ही प्रकारची टर्मिनल्स शेजारीशेजारी असतात. माहितीपत्रकात दोन आकृत्या, फरक त्या एका रेषेचा.

म्हणून वार्षिक सर्व्हिसिंगची वाट पाहिली. बॉयलर उघडणं हे गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं काम, तिथे हौस उपयोगाची नाही. त्याने शेजारच्या फ्यूज्ड स्पर स्विचमधला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहिला, मग बॉयलरच्या वायरींवर, मग पुन्हा सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? मला ही सवय फार आवडली. आमच्यात टेस्ट पास झाली की कुणी परत टेस्टकडे बघत नाही.

आमचा बॉयलर २३० वाला निघाला. दोन इंचाची वायर बसली. वीस मिनिटंच लागली, दादाचा तेवढा अंदाज बरोबर.

जाता जाता त्याने बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ६० वर आणलं. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता वसूल करतो. चालू-बंद करणाऱ्या रिलेला यातलं काही कळत नाही. ओपनथर्म नावाचा प्रोटोकॉल दोन लो-व्होल्टेज वायरींवर बॉयलरला "थोडंसंच तापव" असंही सांगू शकतो, पण आमच्या बॉयलरला ती भाषा येत नाही. माझ्या मते बिल कमी व्हायचं असेल तर या १५ अंशांनी होईल, ॲपमधल्या आलेखांनी नव्हे.

ॲपचा तसाही भरवसा नाही. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की युरोपात नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, आणि २०१४ च्या युरोपीय मॉडेलचं ॲपवरून नियंत्रण त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद झालं. भिंतीवर हाताने फिरवायची सोय तेवढी राहिली. म्हणून मी घेतलेल्या संचाला मोठी वर-खालीची बटणं आहेत आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. भिंतीवरचा भाग आता आईच्या खोलीत, पलंगाशेजारी आहे.

हॉलमधली जुनी केबल बॉयलरच्या बाजूने सोडवून दोन्ही टोकं बंद केली, भिंतीवर कोरी पट्टी बसवली. रिसीव्हरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलं: "बॉयलर २३० व्होल्ट. लिंक आहे. बॉयलर बदलल्यास आधी तपासा." इंग्रजीतच लिहिलं. पुढचा घरमालक मराठी निघेल याची शक्यता जरा कमीच!