सोळाचं शिखर

विष्णुपुरीला विद्यापीठात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी मंगळयानाची खुली माहिती घेतली. यानावर 'मेन्का' होतं, मंगळाच्या विरळ वरच्या वातावरणातले उदासीन अणू-रेणू मोजणारं उपकरण.

आलेखात १६ वस्तुमानाचं उंच शिखर दिसलं. मी लिहून टाकलं : ऑक्सिजनचे अणू. सरांनी एवढंच विचारलं, "हे अणू यंत्राला कळले कसे?" मला सांगता आलं नाही.

उदासीन अणूवर विद्युतभार नसतो. त्याला चुंबक वळवत नाही, विद्युतक्षेत्र ओढत नाही. म्हणून मेन्कात आधी इलेक्ट्रॉनांचा झोत वायूवर सोडून आयन बनवतात आणि मग चार सळयांमधून ते वस्तुमानानुसार निवडतात. पण त्याच झोताने कार्बन डायऑक्साइडचे काही रेणू फुटतात. ४४ वस्तुमानाच्या रेणूतून २८चा, १६चा, १२चा तुकडा निघतो. माझ्या शिखरातला काही ऑक्सिजन मंगळावर सुटा नव्हताच, तो उपकरणात सुटा झाला होता. तो वजा न केल्याने माझी ऑक्सिजनची रेघ फुगली.

मेन्काच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०१४ मधल्या चार फेऱ्यांवरून दाखवलं होतं, की साधारण २७० किलोमीटर उंचीवर कार्बन डायऑक्साइडचं प्राबल्य संपून ऑक्सिजनचं सुरू होतं. माझ्या आलेखात हा टप्पा खाली आला. मी त्याला नवं निरीक्षण म्हणायला निघालो होतो.

याहून वाईट चूक २८ची. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही २८चेच. मेन्काच्या शास्त्रज्ञांच्या निबंधात दोन्हींची नावं एकत्र आहेत. ते मी वाचलं होतं. तरी तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून मी नुसतं 'नायट्रोजन' लिहिलं. पहिली चूक अज्ञानाची होती, ही माहीत असून केलेली.

नंतर चांद्रयान-१ वरच्या 'सारा'बद्दल वाचलं. सौरवारा चंद्राची माती जवळपास पूर्ण शोषते, असं मानत. साराने दाखवलं की त्यातले २० टक्क्यांपर्यंत प्रोटॉन उदासीन हायड्रोजन होऊन परत फिरतात. त्या उपकरणात भारित कण आधी बाजूला काढत, मग उरलेले अणू एका पृष्ठभागावर आपटून आयन करत. हा क्रम पक्का होता, म्हणूनच एवढा मोठा दावा टिकला.

मेन्काच्या माहितीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे : आकडे उघडण्याआधी उपकरणाचा निबंध वाचा, आणि २८ समोर दोन्ही नावं लिहा.